सातवी विहीर

कुपवाडच्या पलीकडे नळांना चकाकी देणारा कारखाना
नऊ वर्षं बंद. फाटकावर दस्तगीर मुजावर,
आधी टाक्यांवर कामाला, आता त्याच टाक्यांचा राखणदार.
मी आणि बर्फाची पेटी सकाळी सातला रिक्षातून उतरलो.

विहिरी म्हणायचं, पण रहाट नाही, पायऱ्या नाहीत, पारवे नाहीत.
गुडघ्याएवढे सहा पाईप, टोपणाला कुलूप,
किल्ल्यांचा जुडगा माझ्या गळ्यात.
आठ फूट काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या,
त्याखाली पाणी, ज्यानं कुणी कधी तोंड धुतलं नाही.

वरच्या अंगाची आधी, संशयाची शेवटी.
फीत सोडायची. पाण्याला टेकली की ती किंचाळते.
अकरा मीटर चाळीस, मी लिहिते.
मग उपसा. पहिलं पाणी खरं बोलत नाही,
पाईपात उभं राहून राहून ते पाईपासारखंच झालेलं असतं.
ते बादलीत, बादली पिंपात, पिंपावर चिठ्ठी.
आकडे हलायचे थांबेपर्यंत बसून राहायचं.
तापमान लवकर थांबतं. क्षारांचा आकडा घुटमळतो,
निघतो निघतो म्हणत चपला न घालणाऱ्या पाहुण्यासारखा.

हरिपूरला माझा थोरला मामा हळदीच्या पेवात उतरायचा.
आधी दोरीला कंदील. कंदील विझला
तर लांब लिंबाखाली बसून विडी.
"भुईला आधी इचारावं, मग उतरावं," एवढंच म्हणायचा.
वर यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या,
तोच पिवळा, जो आमच्याकडे कपाळाला,
उंबऱ्याला, लग्नपत्रिकेच्या चार कोपऱ्यांना.

चौथीचं पाणी पिवळं आलं.
फार नाही. बाटली पांढऱ्या कागदापुढे धरली तर कळेल इतकं.
लाज वाटली, की मनात पहिल्यांदा आलं ते
शुभ.

दस्तगीरनं बघितलं, बोलला नाही.
टाक्यांच्या वाफेनं त्याच्या नाकातला पडदा खाल्ला,
हे त्यानं मागे एकदा हसत सांगितलं होतं.
चहात वेलदोडा आहे का, ते त्याला मला विचारावं लागतं.

कुपीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. उलटी करून टिचकी.
सहाही झाल्या. पेटीबाहेर उरली एक बाटली,
चिठ्ठी आधीच छापलेली, विहीर क्रमांक सात.
"सातवी कुठं हाय म्हणायची, ताई?"
कुठेच नाही. चौथीचंच पाणी पुन्हा भरून
खोट्या नावानं पाठवायचं, प्रयोगशाळेला कळू न देता.
दोन्ही आकडे जुळले तर बाकीचे खरे धरायचे.

त्याला ते पटलं. तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला,
"आमची बोर हाय की घरामागं. भिंतीच्या खालच्या अंगाला.
तुमच्या यादीत न्हाई म्हनं ती."
नाही. यादी भिंतीपाशी संपते.
भिंत बांधताना पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हातमोजे बदलले.
दोरीवर शाळेचे दोन निळे फ्रॉक, त्याची सून शबाना
हंडा बाजूला घेत. तोटी दहा मिनिटं वाहू दिली,
तिनं तेवढ्यात दोन बादल्या भरून घेतल्या, वाया कशाला.
पाणी काचेसारखं. त्यानं काहीच सिद्ध होत नाही.
"चांगलंय ना?"
"पंधरा दिवस लागतील," मी म्हणाले,
आणि वहीत लिहिलं, विहीर सात, एक वाजून पंचवीस, सही.

ऑफिस म्हणेल, चार आणि सात जुळत नाहीत, हात चुकला.
म्हणू दे. एरवी ते दोन आकडे जुळावेत म्हणून
माझा जीव टांगलेला असतो.

मिरज रोडच्या खड्ड्यांत पेटीतल्या बाटल्या
एकमेकींना लागत होत्या.
पेटी मांडीवर घेतली. बर्फ वितळून
ओचा भिजला, कुठल्या पाण्यानं ते माहीत होतं,
तरी वास घेऊन पाहिला.